मातीत मुरतं

भांडं पडत होतं. मी ते झेललं. एवढाच माझा गुन्हा.

शाळेच्या शास्त्राच्या खोलीत टेबल एकच. टेबलाभोवती दहा पोरं. मी अकरावा, दाराच्या उंबऱ्यापाशी उभा. वकिलाच्या दिनकरचं कोपर लागलं आणि ते पांढरं मातीचं भांडं, पाण्याच्या लोट्याएवढं, गडगडत माझ्या अंगावर आलं. विचार करायला वेळ कुठला? हात पुढे झाला. भांडं हातात बसलं. टवकासुद्धा उडाला नाही. मला वाटलं, मास्तर आता शाबास म्हणतील. काय खुळा होतो मी!

मास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भांड्याकडे.

"बाहेर ठेव ते. पायरीवर."

मी ठेवलं. मास्तरांनी खिडकी लावायची लांब काठी घेतली आणि तिच्या टोकानं भांड्यावर ठोसा दिला. फुटलं नाही. चांगलं भाजलेलं होतं. दुसऱ्या ठोशाला फुटलं.

"मास्तर, खाली पडलं असतं तरी फुटलंच असतं की!" दिनकर म्हणाला. आपण माझी बाजू घेतोय असं त्याला वाटत होतं.

मास्तर रागावले नव्हते, हे सांगायला हवं. आवाज गणित शिकवतानाचाच होता. "तांब्याला हात लागला तर चिंचेनं घासता येतं. काच धुता येते. मातीचं तसं नाही. मातीत मुरतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्यावर राग नाही हो माझा. तू आपला बघत जा. हिशेब चांगले आहेत तुझे, ते करत जा."

खापऱ्या मलाच उचलायला लावल्या. मी उचलल्या. सगळ्या, एकूण एक.

त्या भांड्याचं काम काय ते सांगतो, नाहीतर यातली गंमत कळायची नाही. तांब्याचं एक मोठं भांडं घ्यायचं. त्यात मोरचुदाचं निळं पाणी. त्याच्या मधोमध हे पांढरं मातीचं भांडं ठेवायचं, त्यात पातळ केलेलं गंधकाचं तेजाब आणि जस्ताची कांडी. तांब्याला एक तार, जस्ताला एक तार. तारा जोडल्या की वीज. इंग्रजी पुस्तकात याला सेल म्हणतात. आमचे मास्तर घट म्हणायचे. 'चला, घट मांडू या,' म्हणायचे, नवरात्रात म्हणतात तसं. आता मधलं भांडं मातीचंच का? तर त्याला बारीक बारीक छिद्रं असतात. दोन पाणी एकमेकांत सांडत नाहीत, पण मुरतात. मुरतात म्हणून वीज चालते. तिथं चिनी मातीची बरणी ठेवा, तारांना लावलेल्या मीटरचा काटा जागचा हलणार नाही. हे मास्तरांनीच आम्हाला फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्याच मास्तरांनी काठी उचलली.

आणि मला हे फळ्यावरून शिकायची गरजच नव्हती. माझा बा कर्जत स्टेशनात कामाला. तारऑफिसच्या मागे एक कोंदट खोली आहे, तिला बॅटरीखोली म्हणतात. तिथं फळ्यांवर ओळीनं असलेच घट मांडलेले. जस्ताच्या कांड्या खरवडायच्या, त्यांना पारा चोळायचा, निळं पाणी बदलायचं, पांढरी भांडी भिजत घालून काथ्यानं घासायची आणि पुन्हा मांडायचं, हे बाचं काम. माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. त्याची नखं निळी. धोतराला तेजाबाची भोकं. आई म्हणायची, "ह्यांचं धोतर हाय का चाळण हाय गं बाई!"

आता घाटात गाड्या विजेवर चढतात, पण तारायंत्र अजून बाच्या घटांवरच चालतं. तारमास्तर टेबलाशी बसून टकटक करतात आणि ती टकटक पुण्याला ऐकू जाते. तारमास्तर मोठे सोवळ्याचे. त्यांच्या खोलीत बानं पाऊल टाकायचं नाही. बाच्या घटाची तार भिंतीतल्या भोकातून आत जाते. बा बाहेर राहतो.

मला महारवाड्यातून बाहेर काढील अशी एकच गोष्ट होती, मॅट्रिक. खोपोलीच्या वीजघरातला एक साहेब स्टेशनात आला होता. मी बाच्या हाताखाली कांड्या पुसत होतो. त्यानं मला दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तो हसला. म्हणाला, शास्त्र घेऊन मॅट्रिक हो आणि ये, मीटर वाचायच्या कामावर घेतो. बानं ते वाक्य महिनाभर साऱ्या वाड्याला ऐकवलं. पण मॅट्रिकला बसायचं तर शाळेनं फॉर्म द्यायला हवा. शाळेची टेस्ट पास झालात तर फॉर्म. शास्त्रात प्रयोगाला वीस गुण, त्यातले सात तरी पडायलाच हवेत. सातच्या खाली गेलात तर लेखी पेपरात पैकीच्या पैकी असले तरी काही उपयोग नाही.

आता दिनकर. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर जळत होतो. साधंसुधं नाही, करपत होतो.

त्याचे वडील खालापूरच्या कोर्टात वकील. त्याच्याकडे रसायनाचं पुस्तक होतं, मुंबईहून आणलेलं, कोरं. कडेनं जोडून आलेली अर्ध्याहून जास्त पानं त्यानं कापून मोकळीसुद्धा केली नव्हती. पानं न कापलेलं पुस्तक घेऊन हा गडी परीक्षेला निघाला होता! 'चणे आहेत तर दात नाहीत' म्हणतात ते यालाच. दात माझ्याकडे होते आणि मी त्याच्या चण्यांकडे बघत बसलो होतो.

दिनकर वाईट असता तर बरं झालं असतं. दिनकर चांगला होता. मला पुस्तक द्यायचा. शाळेच्या खालच्या पायरीवर ठेवायचा, वर दगड ठेवायचा, चार पावलं मागं सरायचा, मग मी उचलायचं. "घे रे, सावकाश उतरव. मला काय घाई नाही," म्हणायचा. त्याला घाई नव्हतीच. मी पायरीवर बसून उदाहरणं उतरवून घ्यायचो. तांबं सहा ग्रॅम छत्तीस चढलं, तर जस्त किती झिजलं? तांब्याचा आकडा एकतीस पूर्णांक आठ, जस्ताचा बत्तीस पूर्णांक सात. उत्तर सहा ग्रॅम चोपन्न. तोंडी सांगायचो मी. दिनकर तांबं-जस्ताची अदलाबदल करायचा, भलतंच उत्तर काढायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. "तुला काय बाबा, तुला सगळं येतं!" हे तो मनापासून म्हणायचा. तेच माझ्या पोटात दुखायचं.

मी कशाकशावर जळलो ते सांगू? पुस्तकावर जळलो. त्याच्या आईनं शिवलेल्या दप्तरावर जळलो. पण सगळ्यात जास्त जळलो ते त्याच्या चुकीवर.

झालं काय, स्टेशनातून दुसरं भांडं आलं, ते कसं आलं ते पुढं सांगतो, आणि मास्तरांनी दिनकरला घट मांडायला लावला. त्यानं निळं पाणी मातीच्या भांड्यात ओतलं आणि त्यात जस्ताची कांडी बुडवली. सगळं उलटं. कांडी बघता बघता काळी पडली, चिखल माखल्यासारखी. माझ्या बाच्या हातून असं झालं असतं तर तारमास्तरांनी त्याला त्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि आमचे मास्तर हसले! "अरे दिनकरा, उलटी गंगा वाहवलीस की! हरकत नाही. धू आणि पुन्हा मांड. चुकल्याशिवाय शास्त्र येत नाही."

चुकल्याशिवाय शास्त्र येत नाही. मी उंबऱ्यापाशी उभा राहून ऐकलं. मलाही चुकायचं होतं हो! माझ्या हातानं एक कांडी काळी करायची होती आणि कुणीतरी हरकत नाही म्हणायला हवं होतं. मी तर बरोबर मांडला असता आणि तेही मला करू देत नव्हते.

तास संपल्यावर दिनकर बाहेर आला आणि त्यानं मला बोटं दाखवली. निळी झाली होती. "बघ ना, साबणानं पण जात नाही!" केवढा खूष! त्याचे मित्र बोटं बघायला गोळा झाले. म्हणाले, दिन्या आता मोठा शास्त्रज्ञ होणार. मला बाची नखं आठवली. तोच निळा रंग. तो बघून किराणावाला बाला म्हणायचा, जरा लांब उभा राहा रे, काय घाण लागलीय हाताला.

तर ते दुसरं भांडं.

पहिलं फोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई स्टेशनात आला, तारमास्तरांकडे चिठ्ठी घेऊन. शाळेला प्रयोगासाठी एक जुनं भांडं द्यावं. सुट्टी होती, मी बाच्या खोलीतच होतो. तारमास्तरांनी भिंतीपलीकडून हाक मारली, "अरे, एक पांढरं भांडं स्वच्छ करून ठेव, शाळेत जायचंय."

बा हरखला. अहो, लग्नघरचं काम आल्यासारखा हरखला. फळीवरची भांडी एकेक वाजवून बघितली. "ह्ये नको, ह्याला चीर हाय. ह्ये बघ, घंटीवानी वाजतं." तीन पाण्यांतून काढलं. काथ्यानं आतून घासलं, बाहेरून घासलं. मला म्हणाला, "तुज्या शाळंत चाललंय रं. तू बी ह्याच्यातच शिकशील. बापाच्या हातचं भांडं म्हन तुज्या मास्तरला!"

पहिलं भांडं का फुटलं ते मी त्याला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? मी शिवलो म्हणून फुटलं, आता तू घासून दे? मी नुसता बघत राहिलो.

बाची एक सवय होती. भांडं घासून झालं की खिळ्यानं त्याच्या बुडाला एक रेघ ओढायचा. एक घासणी, एक रेघ. लिहिता येत नव्हतं त्याला, हीच त्याची लिखापढी. या भांड्याला आधी दोन रेघा होत्या. त्यानं तिसरी ओढली. मग ते खिडकीच्या चौकटीवर ठेवलं आणि मागं सरला. पलीकडून तारमास्तरांनी उचललं, त्यांच्याकडून शिपायानं घेतलं. शाळेत पोचेपर्यंत ते तारमास्तरांकडचं भांडं झालं होतं. मास्तरांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मातीत मुरतं म्हणणारे मास्तर!

त्या दिवशी मी बोललो नाही. गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

परीक्षेपर्यंत मी शाळा सुटली की बॅटरीखोलीत जायचो आणि घट मांडायचो. एकदा, दहादा. डोळे झाकून मांडता येईपर्यंत. आणि पुस्तकात नव्हतं ते एक बाकडून शिकलो. मी त्याला हिशेब समजावत होतो, इतकं तांबं चढलं की इतकंच जस्त झिजायचं, एक रतीही जास्त नाही. बा हसायला लागला.

"कुनी सांगितलं? जस्त फुकट बी झिजतं. तार सोडवून ठेव, तरी आतल्या आत झिजतं. म्हनून तर पारा चोळायचा."

दुसऱ्या दिवशी दिनकरचं पुस्तक मागून घेतलं. न कापलेल्या पानांत दोन बोटं घालून, वाकून वाकून वाचलं. बा म्हणाला ते खरं होतं. जस्तात दुसऱ्या धातूंचे कण असतात. त्यांच्यामुळे जस्ताच्या अंगातच बारके बारके घट तयार होतात. बाहेर वीज काही येत नाही, नुसती आतली झीज. वाचता वाचता मी थांबलो. माझंच लिहिलं होतं की. दिनकरवर जळजळ जळून मी कुठला दिवा लावला होता? वीज शून्य आणि आत झीज चालूच. तरी म्हणून जळणं थांबलं नाही, खोटं का सांगू. पण कळलं तरी.

टेस्टचा दिवस आला. सकाळी लेखी. पेपर सोपा गेला. एक प्रश्न होता, हिशेबापेक्षा जस्त जास्त का झिजतं, कारण द्या. मी बाचं उत्तर इंग्रजीत लिहिलं. दुपारी प्रयोग. हजेरीत माझा नंबर चौथा, पण मास्तरांनी मला शेवटी ठेवलं. दहा जणांनी एकेक करून घट मांडला, काटा बघितला, वहीत लिहिलं. दिनकरनं या वेळी बरोबर मांडला. झाला एकदाचा.

मग मास्तर मला म्हणाले, "तू तिथूनच सांग. दिनकर मांडील तुझ्यासाठी. तोंडीचे पाच गुण देता येतील तुला."

"पाच?"

"पाचच देता येतात तोंडीचे. नियम आहे."

पासाला सात. तोंडीचे पाच. मास्तर गणितही शिकवायचे, त्यांना ही वजाबाकी ठाऊक नव्हती असं कुणी मला सांगू नये.

दिनकर पुढे झाला. धुतलेलं भांडं टेबलावर पालथं घातलेलं होतं. बूड वर. त्यावर तीन रेघा. मी इतके दिवस उंबऱ्यापाशी होतो, भांडं नेहमी उभं असायचं, मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. आज दिसल्या. बाचा खिळा, बाचा हात. शाळेतल्या त्या टेबलावर माझा बा माझ्याआधी जाऊन बसला होता.

मी उंबरा ओलांडला.

"अरे, अरे..." मास्तर उठले.

मी भांडं उचललं. "मास्तर, हे माझ्या बानं घासलंय."

"काय?"

"स्टेशनातलं भांडं. बॅटरीखोलीत माझा बा घासतो. ही त्याची खूण, तीन रेघा. तुम्ही सगळे इतके दिवस हेच हाताळताय."

एका पोरानं धोतराला हात पुसले. मग दुसऱ्यानं. मी दिनकरकडे बघत होतो. माझा चांगला दिनकर. त्यानं आपल्या बोटांकडे बघितलं आणि हळूच, मला दिसू नये अशा बेतानं, हात चड्डीला पुसले. मला दिसलं.

मास्तरांची नजर कोपऱ्यातल्या काठीकडे गेली. मी म्हणालो, "फोडा. पण दुसरं आणाल तेही माझा बाच घासून देईल."

ते जागचे हलले नाहीत. काय करणार? ते फोडलं असतं तर दहाच्या दहा पोरं बाटली होती असं कबूल करावं लागलं असतं, आणि पहिले आपण. मी मांडायला घेतलं. निळं पाणी बाहेर, तेजाब आत, बाकडून कुपीत आणलेला पारा कांडीला चोळला, तारा आवळल्या. एकही थेंब टेबलावर सांडला नाही. काटा गेला तो दिनकरच्या वेळेपेक्षा पुढे गेला, कारण पारा चोळायचं त्याला ठाऊकच नव्हतं. आता सांगायला हरकत नाही, मला तेव्हा फार गोड वाटलं.

मग वहीत लिहायला बसलो. साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं इंग्रजीत. शेवटी एक ओळ जास्त लिहिली. ती मराठीत लिहिली. इंग्रजीत बाला फादर लिहावं लागलं असतं, आणि फादर काय, कुणाचाही असतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांच्या हातात माझी वही होती आणि छापील फॉर्म होता. फॉर्म मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो.

"प्रयोग उत्तम आहे," ते म्हणाले. "वीसपैकी अठरा देतो. तू हात लावलास ते माझ्या डोळ्यांआड झालं असं समजू. पोरांनाही मी सांगितलंय, घरी बोलू नका. ही शेवटची ओळ तेवढी खोड. वही हेडमास्तरांकडे जाते, इन्स्पेक्टर बघतात. उगाच कशाला? खोडलीस की फॉर्म तुझा."

"आणि नाही खोडली तर?"

"तर वहीत प्रयोगाबाहेरचा मजकूर आहे. शून्य द्यावं लागेल. उद्या सकाळपर्यंत विचार कर. शहाणा मुलगा आहेस."

हाताला लागलेलं पाण्यानं जातं, मास्तरांनी काल घरी जाऊन आंघोळ केली असणार. लिहिलेलं जात नाही, त्याचीच त्यांना भीती होती.

मी तडक स्टेशनात गेलो. बा कांड्या खरवडत होता. सगळं सांगितलं, फॉर्म आणि ओळ. तो ऐकून घेत होता, हात चालूच.

"खोड ना रं मग," तो म्हणाला. "एक तर ओळ हाय. जल्म काडला आमी हितं, तू तरी सूट. एका ओळीपायी फारम घालवतोस व्हय?"

"बा, पहिलं भांडं का फुटलं माहीत आहे?"

"का?"

"मी शिवलो म्हणून. पडत होतं, मी झेललं. मास्तरांनी पायरीवर ठेवून काठीनं फोडलं."

बाचा हात थांबला.

"आनि मग माज्याकडनं दुसरं मागवलं?"

"होय."

"मी त्ये तीन पान्यांतनं काडलं."

"होय बा."

तो उठला, हौदावर जाऊन हात धुतले, धोतराला पुसले. पुन्हा येऊन बसला. एक कांडी उचलली, ठेवली. मला वाटलं, आता रागावणार, मी इतके दिवस लपवलं म्हणून.

"काय लिवलंयस त्या ओळीत?"

मी सांगितलं.

"माजं नाव हाय?"

"नाही. नुसतं बाप लिहिलंय."

"नाव घाल," बा म्हणाला.

"बा, तारमास्तरांना कळलं तर तुझी नोकरी..."

"ठावं हाय मला. भांडी मी घासतो, नाव दुसऱ्याचं. हितं बी तसंच का रं? नाव घाल."

सकाळी मी शाळेत गेलो. मास्तरांनी वही पुढे केली, लाल शाईची दौत पुढे सरकवली आणि फॉर्म टेबलाच्या कडेवर ठेवला. मी टाक उचलला तसा त्यांनी सुस्कारा सोडला. मी त्या ओळीत दोन शब्द घातले. टिपकागदानं टिपली. वही त्यांच्या बाजूला फिरवली.

त्यांनी वाचलं. मग फॉर्म उचलून खणात ठेवला आणि खण लावला.

शून्य पडलं. "शून्याचं कारण वहीत लिहा," मी म्हणालो. त्यांनी लिहिलं नाही. तीनदा सांगितलं, तीनदा नाही. नुसतं शून्य.

दिनकरला फॉर्म मिळाला. मार्चात तो पास झाला, आता मुंबईला कॉलेजात आहे असं ऐकतो. बाला तारमास्तरांनी बॅटरीखोलीतून काढून रुळांवरच्या खडीवर टाकलं. त्याची नखं अजून निळीच आहेत. मी खोपोलीच्या वीजघरात बॅटऱ्या पुसतो. मीटर दुसरे वाचतात, मॅट्रिक झालेले. त्यांच्याकडे बघून मी जळतो. जळणारच. मी काही संत नाही.

पण येत्या साली मी दुसऱ्या गावच्या शाळेतून टेस्टला बसणार आहे. तिथंही टेबल असेल. तिथंही मातीचं भांडं असेल, कुणाच्या तरी बापानं घासलेलं. मी कुणाला विचारणार नाही. आधी हात घालणार, मग लिहिणार. आणि त्यांनी फॉर्म पुढे करून खोड म्हटलं तर पुन्हा शून्य घेणार, आणि त्याच्या पुढच्या साली पुन्हा बसणार. ती ओळ माझी पाठ आहे, कुठल्याही वहीत लिहिता येते. इथंही लिहितो.

'या घटातलं मातीचं भांडं कर्जत स्टेशनात माझ्या बापानं, गोमा राघोनं, घासलं आहे; ते मी माझ्या हातानं मांडलं, आणि वीज आली.'